ग्रहणातला दोडका

शिवकांताने विळीला हात लावणे सोडले, त्याला वर्ष होत आले होते. सुरुवातीला माझ्या ते ध्यानातच आले नाही. भाजी होत होती, ताटात येत होती. ती कशी होते याकडे पुरुष पाहत नाही, आणि मी स्वतःला इतर पुरुषांहून निराळा समजत असलो तरी ताटासमोर बसल्यावर त्यांच्यासारखाच होतो. मग एके दुपारी भेंडीचे तुकडे लहानमोठे, कडांना फाटलेले दिसले. आत डोकावलो, तर ती भुईवर बसून एकेक भेंडी बोटांनी मोडत होती. कांदा तिने पाट्यावर ठेवला आणि बुक्कीने फोडला. वांगी ती अख्खी शिजवी आणि पळीने दाबून फोडी. भोपळा आणि कोबी आमच्या घरातून केव्हाच नाहीसे झाले होते. विळी फडताळाच्या माथ्यावर होती. पात्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली, तोंड भिंतीकडे.

मी विचारले नाही. विचारले असते तर तिने उत्तर दिले असते, आणि त्या उत्तराला मला उत्तर द्यावे लागले असते.

केजहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आमचे गाव सांडल्यासारखे पसरले आहे. रस्त्याला लागून अण्णांचे, म्हणजे माझे वडील बसवराज यांचे, किराणा दुकान; दुकानाला चिकटून माझे एसटीडी बूथ; मागे घर. अंबाजोगाईला वसतिगृहात राहून मी मराठीत एम.ए. केले होते आणि परत येताना पत्र्याची एक ट्रंक भरून कवितेच्या वह्या आणल्या होत्या. नोकरी आणली नव्हती. त्या वर्षांत रस्त्याच्या कडेने गावोगाव पिवळ्या पाट्या लागत होत्या. तशी एक आमच्याही दारावर लागली. प्लायवूडची आणि काचेची एक खोली, जेमतेम एका माणसाला उभे राहता येईल एवढी. ऊस तोडायला गेलेल्यांची म्हातारी माणसे येत, पुण्याला गेलेल्या मुलांचे बाप येत, काचेच्या आत जाऊन ओरडत, हसत, कधी नुसतेच रिसीव्हर धरून उभे राहत. मला बाहेरून त्यांचे ओठ दिसत आणि यंत्रावर पळणारे तांबडे आकडे दिसत. शब्द काचेच्या आत राहत. एक सेकंद किती लांब असतो, हे मला त्या आकड्यांनी शिकवले.

आमचा मुलगा मृत्युंजय, घरात जय, तेव्हा तेरा महिन्यांचा होता. मान धरत नव्हता. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या, अंगठा आत. उचलून घेतले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. नजर कुणावर ठरत नसे. दाराच्या उजेडाकडे मात्र सावकाश वळे आणि तिथे बराच वेळ थांबे, जणू त्या उजेडातून कुणी यायचे होते. एक वाटी पेज भरवायला शिवकांताला तास लागे. फोनची घंटा वाजली की त्याचे अंग दचकून धनुष्यासारखे ताठ होई, म्हणून मी फोन गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत असे. गुंडाळलेल्या फोनचा आवाज विहिरीत पडलेल्या माणसाच्या हाकेसारखा येतो. कितीदा तो मला ऐकूच जात नसे.

ते ग्रहण पंचाण्णव सालच्या दिवाळीत आले, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गळ्यात लिंग बांधणाऱ्या आमच्या पंथात विटाळ-सुतक मानत नाहीत; पण ग्रहण शेजारघरांतून आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले, ते कुणालाच सांगता आले नसते. शिवकांताला सातवा लागला होता. आईने पहाटेच तिला माजघरात चटईवर निजवले.

"सरळ पडून ऱ्हा. पाय मुडपू नको. काई चिरायचं न्हाई, काई शिवायचं न्हाई, गाठ बी मारायची न्हाई. येवडं ऐक माय माजं."

आई देवघरात गेल्यावर मी शिवकांताजवळ जाऊन बसलो. रस्ता ओस होता. शेजारच्या टीव्हीवर ग्रहण दाखवत होते आणि निवेदकाचा आवाज सगळ्या गल्लीत एकटाच फिरत होता.

"हा सावलीचा खेळ आहे," मी म्हणालो. "चंद्र मधे आला, एवढंच."

"चंद्राला दुसरी वाट न्हवती व्हय?"

ती हसली तसा मला चेव आला. परसातल्या वेलाचा एक दोडका आणला, विळी आणली, तिच्यापुढे मांडली.

"चीर."

"तुमीच चिरा की."

"मी चिरून काय सिद्ध होणार? पोट तुझं आहे."

"मास्तर झाला न्हाईत तेच बरं. पोरांना लई छळलं आसतं तुमी."

पण ती उठली. एका पायाने विळी दाबून बसली आणि दोडक्याच्या फोडी करू लागली. मागच्या दारातून कडुलिंबाखालची जमीन दिसत होती. पानांच्या फटींतून जिथे एरवी उन्हाचे गोल कवडसे पडत, तिथे त्या सकाळी शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. वारा आला की सगळ्या एकदम हलत. मी तिला त्या दाखवल्या. हातात दोडक्याची फोड तशीच धरून ती पाहत राहिली. आमच्या लग्नातला तो सर्वांत आनंदाचा क्षण असावा. तो तसा आहे हे त्या वेळी कळले असते तर मी तिथेच थांबलो असतो.

आई बाहेर आली तेव्हा ताटलीत फोडी होत्या. ती ओरडली नाही. पदर तोंडाशी नेऊन नुसती उभी राहिली.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. पण शिवकांताची आई ती लहान असतानाच गेली होती आणि परळीला भाऊ वैजनाथ एकटाच होता. म्हणून ते आमच्याकडेच ठरले. जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या. सुभद्राबाईला बोलावले. गावातली निम्मी माणसे तिच्या हातावर जन्मलेली, त्यांत मीही होतो. सोमवारी सकाळी ती खोलीतून बाहेर आली, अंगणात पाय धुतले आणि मला येरझारा घालताना पाहून म्हणाली, "पहिलटकरीण हाय. वाट अजून उघडती हाय. येळ लागंल. तुमी जा, कुनाला तरी फोन करा, न्हाईतर कविता लिवा."

माझ्या सदऱ्याच्या खिशात एक पत्र होते. मंगळवारी सकाळी दहा वाजता बीडच्या एका महाविद्यालयात मराठीच्या अध्यापकपदाची मुलाखत होती. दोन वर्षांत आलेले ते पहिले पत्र. बाळंतपण तोवर उरकले तर पहाटेच्या गाडीने जाता येणार होते. बाळंत न झालेल्या बायकोला सोडून जाणारा नवरा मला व्हायचे नव्हते. थांबणाराही व्हायचे नव्हते. दुपारी बारापर्यंत मी ते पत्र इतक्यांदा उघडले आणि मिटले की घडीवर ते विरत आले.

सुभद्राबाईला मी विचारले, "लवकर होण्यासाठी काही करता येत नाही?"

"दम धरता येतो की," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. हीच ती माणसे, ग्रहणाला भिणारी, असे मी मनाशी म्हटले, आणि लुना काढून आप्पारावकडे गेलो. आप्पाराव केजच्या एका डॉक्टरकडे दहा वर्षे कंपाउंडर होता आणि आता स्वतःच्या दारावर पाटी लावून डॉक्टर झाला होता. त्याच्याजवळ स्टीलच्या डबीत उकळलेली सुई होती, कळा वाढवण्याच्या इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या होत्या, आणि त्याच्या बोलण्यात "शंका नाही" हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येत. मला ते विज्ञानाचे शब्द वाटले.

खोलीत शिवकांता घामाने निथळत होती. आप्पाराव म्हणाला, "ताकदीचं इंजेक्शन हाय, ताई." तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने दंड पुढे केला.

अर्ध्या तासाने तो मला बाहेर येऊन विचारू लागला, "आजून जोर न्हाई. दुसरं देऊ का?"

मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "द्या."

त्यानंतरचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. त्यात मध्ये जागाच नव्हती. एक लाट ओसरायच्या आत दुसरी तिच्यावर चढत होती. आतून सुभद्राबाई कडाडली, "काय टोचलंस बे हिला? कळंला कळ चिकटली! मदी सास घ्यायला बी जागा न्हाई. हिला बी न्हाई, पोराला बी न्हाई!" शिवकांताच्या ओरडण्यात ते तिच्यापर्यंत पोचले नसावे.

तीन वाजून वीस मिनिटांनी मूल बाहेर आले. पाणी हिरवे होते. रडणे आले नाही. सुभद्राबाईने नाळ कापली नाही. वार पडली तशी ती पातेल्यातल्या कोमट पाण्यात ठेवून शेकू लागली, तिच्यात उरलेला जीव नाळेतून मुलाकडे सरकावा म्हणून. आई मुलाच्या कानाशी पितळेची थाळी बडवत होती. मी अंगणात कडुलिंबाखाली घड्याळाकडे पाहत उभा होतो. त्या घरात, कदाचित त्या गावात, वेळ सेकंदांनी मोजू शकणारा माणूस मी एकटाच होतो, आणि मी ती मोजली. अकराव्या मिनिटाला मांजरीच्या पिलासारखा एक क्षीण आवाज आला. थाळी थांबली.

जाताना आप्पाराव माझ्या कानाशी लागला. "राजेश्वरराव, माजं नाव कुटं घ्यायचं न्हाई. आन इंजेक्शनचं तर न्हाईच न्हाई. तुमचं बी अडकंल."

आम्ही जीपने अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. पहिल्या दिवसभरात मुलाला तीनदा झटके आले. मग तो काचेच्या पेटीत होता आणि मी बाहेर. अण्णांनी रेशमी दोऱ्यात ओवलेले इवलेसे लिंग पाठवले होते. गळ्याशी नळ्या असल्यामुळे नर्सने ते पेटीच्या कडेला बांधले. मंगळवारचे दहा केव्हा वाजून गेले ते मला आठवत नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टर दिपाली एक फॉर्म घेऊन आल्या. त्या तिथे शिकत होत्या. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या मुलांपैकी काहींच्या मेंदूला इजा होते, काहींच्या होत नाही. ती कशाने होते, आधी कोणती लक्षणे दिसतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. शंभर मुलांचे शंभर फॉर्म. त्यांनी शांतपणे एकेक विचारले. आईला ताप होता का, पायांवर सूज, रक्तदाब. पाणी कधी गेले. मूल पायाळू होते का, नाळेचा वेढा होता का. किती वेळाने रडले.

"अकरा मिनिटांनी," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. लोक म्हणतात, एक भाकरी भाजेपर्यंत." मग पुढचा रकाना. "घरी कळा वाढवण्याचं इंजेक्शन दिलं होतं?"

मागे बाकावर आई बसली होती. अण्णा दारात उभे होते. मी म्हणालो, "नाही."

एका खोट्याला सोबत लागते. कळा किती तास होत्या, याचेही उत्तर मी निम्म्याने कमी करून दिले. त्यांनी तसे लिहून घेतले. अकरा मिनिटांच्या सच्चेपणामुळे माझे बाकीचे सगळे खरे ठरले होते.

महिन्याने मुलाला घरी आणले तेव्हा आई फार वेळ त्याच्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिली आणि हळूच, रागाने मुळीच नाही, म्हणाली, "फोडी केल्या व्हत्या ना गं तू." तेवढेच. त्या दिवशी विळी फडताळावर गेली.

मी शिवकांताला समजावले नाही असे नाही. ग्रहणाने काही होत नाही, हे मी तिला अनेकदा सांगितले, पृथ्वी आणि चंद्र पाटीवर काढून दाखवले. ती पाटीकडे पाही आणि विचारी, "मग कशानं?" तिथे माझे विज्ञान थांबे. माझ्यापाशी तिच्या प्रश्नाचे उत्तर होते आणि ते मी सोडून जगातले दुसरे कुणी तिला देणार नव्हते. सुभद्राबाई बाजारात दिसली की मान फिरवी. तिला कुणी विचारत नव्हते, आणि न विचारता सांगायची तिची रीत नव्हती.

कार्तिकी पौर्णिमेला आई आम्हाला कपिलधारच्या यात्रेला, धबधब्यावर घेऊन गेली. धार तेव्हा बारीक झालेली असते. शिवकांता जयला छातीशी धरून तिच्याखाली उभी राहिली. थंड पाण्याने त्याचे अंग ताठ झाले, मग सैल पडले. शेजारची बाई आपल्या मुलाला न्हाऊ घालत होती आणि ते मूल पाणी पकडायला हात पुढे करत होते. शिवकांता त्या हाताकडे पाहत होती. भिजलेल्या चेहऱ्यावर रडणे दिसत नाही, एवढी त्या जागेची दया.

फेब्रुवारीत दवाखान्यातून कार्ड आले. मूल वर्षाचे झाले होते, तपासणीसाठी आणायचे होते. आम्ही एसटीने गेलो. डॉक्टर दिपाली वर्षभरात वाळल्या होत्या. त्यांनी जयच्या डोक्याचा घेर मोजला, पाय हलवून पाहिले, डोळ्यांपुढे लोकरीचा लाल गोंडा फिरवला. मग त्यांनी फाईल उघडली.

"बहुतेक मुलांचं कारण सापडलं," त्या म्हणाल्या. "फार लांबलेली बाळंतपणं. पाणी जाऊन दिवस उलटलेला. आईचा रक्तदाब. आणि घरी कुणाकडून तरी घेतलेली इंजेक्शनं. ती तर माझ्या अंदाजापेक्षा फार जास्त निघाली. तुमच्या फॉर्मवर मात्र सगळं नाही, नाही, नाही. शंभरांत असे चारच आहेत. तुमच्या नावापुढे मला 'कारण अज्ञात' लिहावं लागलं."

शिवकांताने विचारले, "म्हंजी डाक्टरांकडं बी कारण न्हाई?"

"तुमच्या बाबतीत सापडलं नाही, ताई."

"मला म्हाईत हाय." तिने जयचे झबले सारखे केले. "गिराणात मी दोडका चिरला व्हता."

"त्यानं असं होत नाही."

"मग कशानं?"

डॉक्टर दिपाली फाईल मिटत म्हणाल्या, "ते मला सांगता येत नाही."

"बगा," शिवकांता माझ्याकडे वळून म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता, तक्रार नव्हती. बारा महिने कोर्टात उभ्या असलेल्या माणसाला अखेर निकाल मिळावा तशी ती शांत झाली होती. "तुमी उगंच पाटीवर काडत व्हता."

आजवर तिला आरोपी धरले होते ते माझ्या आईच्या एका वाक्याने. आता शंभर मुलांचा अभ्यास तिच्याविरुद्ध उभा होता, आणि त्यातली साक्ष माझी होती.

दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली आम्ही बसलो. ती जयला पेज भरवू लागली. कार्ड विसरलो म्हणून सांगून मी परत आत गेलो. डॉक्टर दिपाली हात धूत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. दोन इंजेक्शने, खरे तास, आप्पाराव. त्यांनी हात पुसले, फाईल काढली, जुन्या अक्षरांवर एक आडवी रेघ ओढली आणि वर 'होय' लिहिले. 

"तेव्हा कळलं असतं तर?" मी विचारले.

"उपचार हेच राहिले असते." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "ताईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्या कागदावर लिहून तुम्हाला काय मिळणार आहे?"

परतीच्या गाडीत बसलो. शिवकांता खिडकीशी बसली होती. जय तिच्या मांडीवर, तोंड उजेडाकडे. रस्त्याच्या कडेला ज्वारी काढून झालेली शेते होती आणि त्यांत पेंढ्यांच्या बुचाडांखेरीज काही नव्हते. वाक्ये मी मनात पुन्हा पुन्हा रचली. प्रत्येक वाक्यात एखादा चांगला शब्द येई आणि मी त्या शब्दाची लाज वाटून ते मोडून टाकी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी गेली होती. शिवकांता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जयला भरवत होती. मी उंबऱ्यावर बसलो.

"ते ताकदीचं इंजेक्शन नव्हतं."

चमचा थांबला. "कंचं?"

"आप्पारावचं. कळा वाढवायचं होतं. दोन दिली. दुसरं मी द्यायला लावलं. त्यानं जयला श्वास कमी पडला. दवाखान्यात विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, म्हणून त्यांच्याकडे कारण नव्हतं. काल परत जाऊन मी ते सांगून आलो."

ती जयच्या ओठांवरून ओघळलेली पेज बोटाने पुसत राहिली. पुसायला काही उरले नव्हते तरी पुसत राहिली.

"सुभद्राबाईला म्हाईत व्हतं?"

"ती थांबा म्हणाली होती."

"मग कावून?" तिने विचारले. "येवडी घाई कावून?"

वर्षभर मी तिच्या एका प्रश्नाला भीत आलो होतो. हा दुसरा प्रश्न मी कधी रचून पाहिला नव्हता.

"दुसऱ्या दिवशी मुलाखत होती."

"ती बीडची?"

"हो."

"मला सांगितलं आसतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला, "तर मी म्हनले आसते, जा तुमी. सुभद्राबाई व्हती की माज्यापाशी. तुमचं काय काम व्हतं तितं?"

जयने उजेडाकडे मान वळवली. बाहेर रस्त्यावरून उसाच्या मोकळ्या बैलगाड्या चालल्या होत्या. त्यांच्या चाकांचा आवाज फार दूरवर गेला.

"म्हंजी दोडक्यानं न्हाई."

"नाही."

"आन तुमाला हे म्हाईत व्हतं. मी भेंडी मोडायची, आन तुमी बगायचा."

ती उठली, जयला माझ्या मांडीवर ठेवले. फडताळापाशी चवड्यांवर उभी राहून तिने विळी खाली घेतली. चिंधी सोडली. पाते गंजले होते. चुलीतली राख घेऊन ती परसात गेली आणि नारळाच्या शेंडीने ते घासत बसली, कितीतरी वेळ, पाठ माझ्याकडे करून. जय माझ्या मांडीवर ताठ होत होता; त्याला कसे धरावे म्हणजे तो सैल पडतो, ते मला ठाऊक नव्हते.

संध्याकाळी ती बूथमध्ये आली. आमच्या दारात पिवळी पाटी लागून तीन वर्षे झाली होती, पण तिने कधी फोन केला नव्हता.

"परळीचा नंबर लावा. दादाच्या शेजारच्याचा."

मी लावला. ती आत गेली आणि दार ओढून घेतले. तांबडे आकडे पळू लागले. काचेतून तिचे ओठ दिसत होते. बराच वेळ ती नुसती थांबली होती, वैजनाथला बोलावून आणत असतील. मग बोलू लागली. मी इतकी वर्षे लोकांचे ओठ पाहत आलो होतो, पण त्यातला एक शब्दही ओळखायला शिकलो नव्हतो. तिचा उजवा हात हवेत वर जात होता, खाली येत होता, विळीवर काही चिरत असल्यासारखा. मग तो हात तिने काचेवर टेकवला आणि कपाळ त्या हातावर. मी उठलो, आणि पुन्हा बसलो. दार आतून लावलेले नव्हते.

बाहेर आली तेव्हा तिने डोळे पुसलेले होते.

"रविवारी दादा येनार हाय. जयला घेऊन मी जाती परळीला."

"परत कधी?"

"तितनं फोन करीन," ती म्हणाली. "तुमी इथंच आसता की."

रविवारपर्यंतचे चार दिवस घरात सगळे नेहमीसारखे होते. आईला तिने काय सांगितले ते मला कळले नाही. पण आई माझ्याशी बोलताना मध्येच थांबू लागली. ताटात भाजी येत होती आणि तिच्या फोडी सारख्या होत्या. शनिवारी दोडका होता. मी तो सगळा खाल्ला.

वैजनाथ जीप घेऊन आला, चहा प्याला, माझ्याकडे न पाहता अण्णांच्या पाया पडला. शिवकांता जीपमध्ये पुढे बसली. जयला तिने असे धरले होते की त्याचे तोंड समोरच्या काचेकडे, उजेडाकडे राहावे.

ते गेल्यावर मी बूथमध्ये येऊन बसलो. फोनभोवतीचा गोधडीचा तुकडा सोडला, घडी घालून खालच्या खणात ठेवला. आता दचकायला घरात कुणी नव्हते, आणि घंटा मला ऐकू यायला हवी होती.